काएरू की मोदोरू

३ फेब्रुवारी

संस्कृती मॅडमनी क्लासमधल्या सगळ्यांना रोज जपानीत डायरी लिहायला सांगितली आहे. मी चार वाक्यं लिहिली. मी पहाटे उठते. मी चहा करते. मी नारायणगावला जाते. मी संध्याकाळी घरी परत येते. संपली माझी जपानी. म्हणून उरलेलं इथे मराठीत लिहिते आहे. हे काही कुणाला तपासायला द्यायचं नाही.

त्या चारातलं चौथं वाक्य चुकलं. मी 'मोदोरिमास' लिहिलं होतं, मॅडमनी ते खोडून 'काएरिमास' केलं. मोबाईलमधल्या शब्दकोशात त्यांची मूळ रूपं 'मोदोरू' आणि 'काएरू', दोन्हींपुढे एकच अर्थ आहे. परत जाणे, परत येणे. मग चुकलं कुठं?

मॅडम माझ्याहून लहान आहेत, पण शिकवतात चांगलं. म्हणाल्या, "शीलाताई, काएरू म्हणजे आपल्या घरी, आपल्या माणसांत परत जाणं. जिथले आपण, तिथं. मोदोरू म्हणजे जिथून उठून गेलात त्या जागेवर परत येणं. मग ती जागा कुठलीही असो. दुकान, ऑफिस, एसटीतली सीट."

हे कळलं. घर म्हणजे एसटीतली सीट नव्हे. मी मोदोरू का लिहिलं कोण जाणे. तो शब्द आधी पाठ झाला होता म्हणून असेल.

७ फेब्रुवारी

आजही दिवस मावळायला लागला आणि आण्णा ओट्यावर उभे राहिले. टोपी घातली, काठी घेतली. "चल, घरी जाऊ. लई उशीर झाला."

आण्णा म्हणजे माझे सासरे, भिमाजी. दीड-दोन वर्षांपासून त्यांचं असं झालं आहे. सकाळी ठीक असतात, गुरांना हाका मारतात, संध्याकाळ झाली की हे घर त्यांना परकं होतं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासूनच ओरडल्या, "आवो घरीच हाये तुमी! कुठं जायाचंय आनखी?"

"हे आपलं घर न्हाई."

"मग कुनाचं हाय? माझ्या बापाचं?"

आण्णा चिडले, काठी आपटली. शेवटी अमृतने, माझ्या नवऱ्याने, दंडाला धरून आत नेलं. आण्णा रडले. लहान मुलासारखे नाही, आवाज न करता.

सगळ्यांना माहीत आहे त्यांना कुठं जायचं आहे ते. त्यांची जुनी वाडी डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. अमृत तेव्हा पाळण्यात होता. मग सरकारने घोडेगावच्या पुढे ही जागा दिली. इथं घर बांधलं, आंबा लावला, आंबा म्हातारा झाला. तरी यांचं घर अजून पाण्यातच.

मी नर्सिंगचा कोर्स केला आहे, सरकारी दवाखान्यात कंत्राटावर कामही केलं. आता जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला जायची तयारी करते आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी काय उत्तर द्यायचं ते मला येत नाही.

१५ फेब्रुवारी

क्लासमध्ये आज मी भलताच प्रश्न विचारला. वाक्य होतं, 'दिवाळीला मी माहेरी जाते.' तिथे काएरू, बरोबर. माझं माहेर आपटाळ्याकडं, आई-वडील आहेत, घर आहे. मग पुढे लिहायचं होतं, 'भाऊबीज झाली की सासरी परत येते.' मी विचारलं, "मॅडम, सासर म्हणजे घर धरायचं की जागा?"

पोरी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "व्याकरणाने काएरूच. तुम्ही तिथं राहता. पण एखादीला आतून तसं वाटत नसेल तर ती मोदोरू म्हणेल. ते बोलणाऱ्यावर आहे."

असली कसली भाषा? मराठीत बरं आहे. माहेरी असले की म्हणायचं, परवा घरी जायचंय. सासरी असले की म्हणायचं, परवा घरी जायचंय. ऐकणाऱ्याला कळतं. आपल्याला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. जपानात लग्नसमारंभात हे दोन्ही शब्द तोंडातून काढत नाहीत. नवरी परत येईल असा अपशकुन होतो म्हणे. हे मात्र मला लगेच कळलं.

१६ फेब्रुवारी

सकाळी अमृतच्या टेम्पोतून नारायणगावला क्लासला गेले. टोमॅटोचे क्रेट उतरवताना तो हमालांसमोर "इची, नी, सान, शी" करत मोजत होता. सगळे खिदळले. मला राग आला. चेष्टा करायची तर घरात करावी, चारचौघांत कशाला? शिवाय तो चारला कधी 'शी' म्हणतो कधी 'योन'. दोन्ही बरोबर आहे, पण त्याला ते कुठून कळलं?

४ मार्च

आण्णांना मंचरला डॉक्टरांकडे नेलं होतं. मी विचारलं, आठवण परत येईल का? ते म्हणाले, औषधाने थोडं सावकाश होईल, परत येणार नाही.

जीपमध्ये बसून मी मोबाईलमध्ये पाहिलं. 'आठवण परत येणे' याला जपानीत मोदोरू लागतं. म्हणजे आठवण आपल्या जागेवर येते. मला वाटलं होतं काएरू असेल, माणसाकडे येते म्हणून. असल्या वेळी असलं काय बघत बसले होते मी! आत्या शेजारी बसून आण्णांच्या उपरण्याचं टोक आपल्या पदराला बांधत होत्या, जीपमधून उतरून कुठं जाऊ नयेत म्हणून.

११ मार्च

आज एक गंमत झाली. गंमत म्हणावं की नाही माहीत नाही. अमृत घरी नव्हता, आत्या शेळ्या घेऊन वर गेल्या होत्या. आण्णा उठले, "चल, घरी जाऊ." मला वाद घालायचा कंटाळा आला होता, उद्या शब्दांची परीक्षा होती. मी त्यांच्या वहाणा पुढे ठेवल्या, म्हटलं, "चला."

आम्ही बांधाबांधाने निघालो. ते पुढं, मी मागं. मी मनातल्या मनात क्रियापदं म्हणत होते. विहिरीपाशी मी विचारलं, "आण्णा, घरी कोन हाय?" ते बोलायला लागले. म्हैस व्यायला झाली आहे. नाचणी झोडायची राहिली आहे. आई काय म्हणेल. असं बरंच. आम्ही ओढ्याला वळसा घालून दुसऱ्या अंगाने आलो तर समोर आपलंच घर. आण्णा ओट्यावर बसले, वहाणा काढल्या, म्हणाले, "आलो बाई एकदाचं. पानी दे."

मी पाणी दिलं. मला हसू येत होतं. हे फसवणं झालं का?

१३ मार्च

रात्रीच्या भाकरीला आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "येड्याच्या नादानं आपन बी येडं व्हायाचं? उद्या तू गेल्यावर त्यांना रोज फिरवायचं कुनी?"

मी जाणार हे त्या नेहमी असंच काढतात. मी त्यांना नकोच आहे असं वाटतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही. तोंडावर कधी बोलल्या नाहीत, तेवढं खरं.

२८ मार्च

पहिली मुलाखत झाली. व्हिडिओवर, क्लासमध्येच. समोर एका वृद्धाश्रमाचे दोन साहेब. नाव, गाव, काम, सगळं पाठ होतं, घडाघडा बोलले. मग एकाने विचारलं, "तुमच्या घरचं कुणी खूप आजारी पडलं तर काय कराल?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे आण्णा आले. मी म्हणाले, "काएरिमास."

साहेबांनी थोडी वाट बघितली, मग मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, बरोबर शब्द वापरला म्हणून.

२ एप्रिल

निवड झाली नाही. मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, "शीलाताई, त्यांना वाटलं तुम्ही काम सोडून कायमच्या घरी जाल. तिथं म्हणायला हवं होतं, 'इचिदो काएत्ते, माता मोदोरिमास.' एकदा घरी जाऊन, पुन्हा इथं परत येईन. त्यांना पुढचं मोदोरू ऐकायचं होतं."

एका शब्दाने नोकरी गेली. मॅडमना वाईट वाटलं, म्हणाल्या चूक माझी, मी शिकवायला हवं होतं.

पण मला कोडं पडलं आहे ते वेगळंच. ते वाक्य मला येत होतं. मागच्या महिन्यात पुस्तकातून पाठ केलं होतं. तोंडात आलं नाही.

संध्याकाळी अमृतला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे." मग बराच वेळ टेम्पोच्या काचा पुसत बसला. स्वच्छच होत्या.

१९ एप्रिल

आजचं सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं शांत होणार नाही.

दुपारी क्लासमध्ये होते. आत्यांचा फोन. त्या फोनवर एरवी बोलतच नाहीत. "शीले, हे कुठं दिसना." आत्या मागच्या अंगणात हिरडा वाळत घालत होत्या, तेवढ्यात आण्णा गेले. काठी घरातच.

मी तशीच निघाले. अमृत मार्केटमधून आला, आम्ही दोघं टेम्पोने. वाटेत प्रत्येक फाट्यावर विचारत. घोडेगावात गेणभाऊ भेटले. ते आमच्या शेजारचे, जीप चालवतात. त्यांनी सांगितलं, "आहुप्याकडच्या एका मोटारसायकलवाल्यानं म्हाताऱ्याला मागं बसवून नेलं म्हनत्यात. घरी सोड म्हनाले, त्यानं सोडलं. त्याची काय चूक?"

मग कुठं गेले असतील ते सांगायची गरज नव्हती. टेम्पो खाली उतरणार नाही म्हणून गेणभाऊंच्या जीपमध्ये बसलो.

धरणाचं पाणी पार आत गेलं आहे. मी लग्नानंतर कधी खाली उतरले नव्हते. वाळलेल्या गाळाला भेगा पडलेल्या, त्यात घरांच्या जोत्यांच्या रांगा. एका देवळाचे दगड. एक पाटा पडलेला, अर्धा गाळात. अमृत एकीकडून हाका मारत गेला, मी दुसरीकडून.

मला दिसले. एका जोत्यावर बसले होते, टोपी मांडीवर. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. मला पळता येईना, पाण्याजवळचा ओला गाळ पाय ओढत होता. जवळ गेले तेव्हा माझ्या मनात एकच होतं, पोचले बाई. इतक्या वर्षांनी आपल्या घरी पोचले. यालाच काएरू म्हणायचं.

मी म्हटलं, "आलात ना आण्णा घरी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कोन गं तू, बाई?"

"मी शीला."

"शीला घरी हाय." मग हळूच म्हणाले, "मला घरी सोड बाई. लई ऊन झालं."

"आवो, हेच न्हवं का तुमचं घर? ही तुमची वाडी."

त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. परक्याच्या शिवारात बघावं तसं. "हितं कोन हाय?"

मग फिरताना विहिरीपाशी विचारते तेच विचारलं, "घरी कोन हाय आण्णा?"

"म्हातारी हाय. आमरत हाय. शीला हाय. ती येती नारायनगावावनं, दिस मावळायला. तिच्या आदी गेलं पायजे. न्हाईतर हुडकत बसती."

मी त्यांच्या वहाणा शोधल्या. एकच सापडली. अमृत धावत आला, त्याने वडलांना पाठुंगळीला घेतलं आणि जीपपर्यंत नेलं. वाटेत तो एकदा म्हणाला, "काय म्हनत व्हते?" मी म्हटलं, "काय नाय. ऊन झालं म्हनत व्हते." मी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मला तिथंच रडू फुटलं असतं म्हणून असेल. का दुसऱ्या कशासाठी, माहीत नाही.

घरी आल्यावर अमृतने त्यांचे पाय धुतले. आत्या कोपऱ्यात बसून राहिल्या, ओरडल्या नाहीत. आणि दिवस मावळला तेव्हा आण्णा पुन्हा उठले, माझ्या समोर, मला म्हणाले, "चल, घरी जाऊ. शीला यायची येळ झाली."

मॅडमच्या नियमात हे बसत नाही. हे कुठल्याच नियमात बसत नाही. आम्ही सगळे इतके दिवस त्यांचं घर पाण्यात आहे असं धरून चाललो होतो.

२० एप्रिल

अमृतला सांगितलं, मी जपानला जात नाही.

तो टेम्पोतला दोर गुंडाळायला लागला. मला वाटलं होतं, त्याला आनंद होईल.

२२ एप्रिल

आत्यांना कळलं. मी भाकरी थापत होते, त्यांनी परात माझ्यापुढून ओढून घेतली.

"का न्हाई जायाचं?"

"आण्णांना कोन बगंल?"

"मी काय मेले का? माझ्या नावावर बसू नको घरी. उद्या लोक म्हनतील, सासूनं अडवलं."

मी म्हटलं, "लोकांचं काय घेऊन बसलात? माझंच मन होत नाही."

तेव्हा त्या जे बोलल्या ते मी तसंच लिहिते. "धरान आलं तवा आमाला कुनी इच्यारलं न्हाई, जायाचं का ऱ्हायाचं. पानी आलं, उठलो. माझ्या आईनं मला ह्यांच्याकडं दिली तवा बी कुनी इच्यारलं न्हाई. तुला इच्यारत्यात. पार तिकडनं फोन लावून इच्यारत्यात. आन् तू त्वांड लपवती? जायाचं तर जा. मागं बघू नको."

मी दिवसभर विचार करते आहे. 'मागं बघू नको' म्हणजे परत येऊ नको असं त्यांना म्हणायचं होतं का? स्वयंपाकघरात आज त्यांनी मला कशालाच हात लावू दिला नाही. जेवताना माझ्या ताटात तूप जास्त पडलं होतं. चुकून पडलं असेल, त्यांना संध्याकाळचं नीट दिसत नाही.

९ मे

मॅडमनी न विचारता माझं नाव दुसऱ्या संस्थेला दिलं होतं. म्हणाल्या, नुसतं बोला, नंतर नाही म्हणा. म्हणून गेले. जायचंच नाही म्हटल्यावर भीती कसली?

या वेळी समोर एकच बाई होत्या, कुबोता-सान. केस पूर्ण पांढरे. त्यांनी घरच्या आजारपणाचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी एक आजी दाराशी उभ्या आहेत. 'काएरिताई' म्हणतात, मला घरी जायचंय. रोज म्हणतात. तुम्ही काय कराल?"

क्षणभर मला वाटलं, मॅडमनी यांना आमच्या घरचं सांगितलं की काय. नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, छे, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. जपानात संध्याकाळी सगळ्या आश्रमांतून म्हातारी माणसं हेच म्हणतात.

मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं. 'हेच तुमचं घर आहे' असं म्हणणार नाही. त्यांची चप्पल पुढे ठेवेन. त्यांच्याबरोबर चालेन. घरी कोण आहे ते विचारेन. त्या सांगतील, मी ऐकेन. मग वळसा घेऊन आम्ही...

आणि तिथं अडले. आम्ही आश्रमात परत येऊ. पण काएरू की मोदोरू? काएरू म्हटलं तर खोटं होईल, कारण आजींचं घर ते नाही. मोदोरू म्हटलं तर ते आजींना लागेल, जशा काही त्या एसटीतल्या सीटवर येऊन बसणार आहेत. आणि त्यांचं घर कुठं आहे हे मी तरी कशावरून ठरवू? मॅडम कॅमेऱ्याच्या मागून हातवारे करत होत्या, काहीतरी बोला, काहीतरी बोला.

मी म्हणाले, "माफ करा. इथं काएरू म्हणायचं की मोदोरू, मला कळत नाही. मी आजींना विचारेन."

कुबोता-साननी चष्मा काढला. टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "वाताशिताची मो, वाकारिमासेन." आम्हालाही कळत नाही.

मग त्यांनी आण्णांसारखंच काहीतरी बोलायला सुरुवात केली, त्यांच्या आईबद्दल होतं, निम्मं मला समजलं नाही. मी मान हलवत राहिले. मुलाखत अशी असते का?

१४ मे

निवड झाली.

मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. फोनवर 'हो' म्हणाले. मॅडम ओरडल्या, खाली दुकानातली माणसं वर बघायला आली. मला आनंद झाला होता का? मी उगाच सगळ्यांच्या वह्या नीट रचत बसले होते. त्यालाच आनंद म्हणत असतील तर झाला होता.

अमृतला मार्केटमध्ये गाठून सांगितलं. तो क्रेटवर बसला. म्हणाला, "मला वाटलंच व्हतं." मग त्याने मोबाईल काढून दाखवला. त्यात जपानी शिकायचं ॲप. रोज गाडी भरायची वाट बघताना करतो म्हणाला. माझ्यापेक्षा दोन धडे मागं आहे.

"कशाला?" मी विचारलं.

"तू तिकडनं बोलायला लागलीस, आन् मला कळलं न्हाई तर?"

मी म्हटलं, "अहो, तुमच्याशी मी मराठीतच बोलणार ना." तो म्हणाला, "आत्ता म्हनती." याचा अर्थ काय घ्यायचा? मी तिकडे जाऊन मराठी विसरेन असं वाटतं का त्याला? पुरुष कधीकधी विचित्र विचार करतात.

३० मे

मंचरहून औषधं घेऊन संध्याकाळी आले तर घरात कुणी नाही. मी घाबरले. मागच्या दाराने बाहेर पडले, आणि बांधावर दोघं दिसले. आण्णा पुढं. आत्या मागं, पदर खोचून. कधी बाहेर नवऱ्याबरोबर चार पावलं न चाललेली बाई.

वारा माझ्या अंगावर होता, त्यामुळे ऐकू आलं. आत्या विचारत होत्या, "मग घरी कोन हाय?"

आण्णा म्हणाले, "सरू हाय की."

आत्या थांबल्या. सरूबाई म्हणजे त्याच. आण्णा पुढं गेले, त्या तिथंच उभ्या होत्या, मग पटापट पावलं टाकून गाठलं त्यांना. "कशी हाय ती?" त्यांनी विचारलं. आण्णांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. आत्या मोठ्याने हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मी घरात येऊन दिवा लावला आणि आत्तापर्यंत घरात असल्यासारखी बसले. दोघं आले. आत्या म्हणाल्या, "आलीस का? च्या ठेव."

आता यात घरी कोण आलं, मी का ते दोघं?

१२ ऑक्टोबर

इतके महिने काही लिहिलं नाही. पुण्यातलं प्रशिक्षण, परीक्षा, व्हिसा, आणि मधल्या सुट्ट्यांत घरी. आज निघाले. विमानतळाच्या बाकावर बसून लिहिते आहे.

सकाळी ओट्यावर आण्णा बसले होते. पाया पडले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवत होते आणि काही ठरलं नव्हतं. तोंडातून निघालं, "येते, आण्णा."

जाताना आपण जाते म्हणत नाही, येते म्हणतो. जपानीतही घरातून निघताना 'इत्तेकिमास' म्हणतात, जाऊन येते. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं होतं, आणि मी ते सोपं म्हणून सोडून दिलं होतं.

आण्णा उठले आणि वहाणा शोधायला लागले. "थांब, मी बी येतो. मला बी घरी जायाचंय."

मी आत्यांकडं बघितलं. माझा पाय निघेना. आत्यांनी आण्णांचा हात धरला. "तुमी माझ्यासंगं चला. ती जाऊन यील."

"कवा?"

"यील की. आपन तवर फिरून येऊ."

आणि त्या त्यांना घेऊन बांधाच्या वाटेला लागल्यासुद्धा. भात पिवळं पडायला आलं आहे, त्यातून दोघं जात होते. माझ्याकडं त्यांनी वळून बघितलं नाही. मला आधी वाईट वाटलं. नंतर वाटलं, मी निघावं म्हणूनच नसेल बघितलं. कुणाला विचारणार?

अमृत मला टेम्पोने विमानतळावर सोडायला निघाला. टेम्पोत मागे काही नव्हतं, त्यामुळे गाडी फार उडत होती आणि माझी बॅग सारखी इकडून तिकडे जात होती. खेडजवळ तो एकदम म्हणाला, "तिकडं दिवस कवा मावळतो?"

"आपल्या आधी. बराच आधी."

त्याने गिअर बदलला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "म्हंजी रोज तू आमच्या आदी घरी."

मी हो म्हणाले. त्याने मान हलवली आणि पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.